छोट्या पडद्यावरची माझी आवडनिवड

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेल्या वक्त्यांनी संस्थेचा इतिहास सांगितला, माळव्यातील मराठीच्या भवितव्याची चिंता केली, शैक्षणिक धोरणाचा परामर्श घेतला. माझ्याकडे निमंत्रण घेऊन आलेल्या दहावीच्या दोन मुलींनी मात्र स्पष्टच सांगितले, "बाई, तुम्ही जड काही बोलू नका. तुम्ही टीव्हीवर काय बघता ते सांगा." ३४ वर्षे या शाळेत मराठी आणि संगीत शिकविल्यानंतर विद्यार्थिनींनी माझ्याविषयी बांधलेला हा अंदाज आहे. तो खरा असल्यामुळे मी राग मानला नाही.

मी दूरचित्रवाणी पाहते, आणि पुष्कळ पाहते. आमचे यजमान बातम्यांच्या पक्षाचे आहेत; रडक्या मालिकांचा आमच्या घरी कोणताच पक्ष नाही. माझी आवड दोन प्रकारांची. एक विनोदी मालिका, आणि दुसरा, ज्यांना आपण आता सर्रास 'रिअ‍ॅलिटी शो' म्हणतो ते स्पर्धांचे कार्यक्रम. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे मला कोणी पूर्वी विचारले असते तर मी 'काही नाही' म्हटले असते. भाषणाच्या तयारीसाठी आवडत्या कार्यक्रमांची यादी करावयास बसले, तेव्हा प्रथमच काही वेगळे लक्षात आले. ते ओघाने सांगते.

आरंभ मुंबईपासून करावा लागेल, आणि इंदूरच्या माणसाला याचे थोडे वैषम्य वाटणारच. मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या केंद्रावरचे मराठी कार्यक्रम आम्हा इंदूरकरांना दिसत नसत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळी सुट्टीत मी दादरला मामांकडे गेले होते. संध्याकाळी शेजारपाजारची मुले खोलीत येऊन दाटीवाटीने बसली आणि पडद्यावर चिमणराव अवतरले. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींची पुस्तके मी शाळेच्या वाचनालयातून आणून वाचली होती, त्यामुळे पुढे काय होणार हे मला ठाऊक होते. तरीही मी हसून हसून मामींच्या मांडीवर कोसळले. मुंबईची मामेभावंडे आपल्याच गावची वस्तू दाखवावी तशा ऐटीत मला ती मालिका दाखवीत होती. चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते, म्हणजे आपल्यासारखेच बृहन्महाराष्ट्रातले, हे मी त्यांना त्याच रात्री सुनावले. त्याचा परिणाम शून्य झाला, हे सांगावयास नकोच.

चिमणरावांविषयी एक गोष्ट मुद्दाम नोंदविते, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. चिमणरावांच्या कथा चिमणराव स्वतः सांगतात. भित्रेपणा त्यांचा, फजिती त्यांची, आणि निवेदनही त्यांचेच. आपण किती आणि कोठपर्यंत हसावे, हे तेच ठरवितात.

आमच्या घरी संच आला १९८४ मध्ये. त्याच वर्षी 'ये जो है ज़िंदगी' सुरू झाली. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी ही मंडळी. आणि सतीश शाह तर दर भागात नव्या सोंगात. आज कोण होऊन येणार, यावर आमच्या वाड्यात पैजा लागत. मालिकेचे लेखक शरद जोशी मूळचे आपल्या शेजारच्या उज्जैनचे, म्हणून माळव्याला तिचा विशेष अभिमान. त्यापुढचे 'वागळे की दुनिया' १९८८ चे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला हा कारकून अंजन श्रीवास्तव यांनी असा उभा केला की, आमच्या वडिलांनी पहिला भाग पाहून काही न बोलता स्वतःची छत्री कोठे आहे ते पाहून घेतले. भारती आचरेकर यांच्या संसारी समजूतदारपणाला तोड नव्हती. वागळ्यांवर आपण हसतो. परंतु वागळे घरी परततात तेव्हा दार उघडणारे कोणीतरी असते. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढच्या काळातल्या मालिकांपैकी 'साराभाई व्हर्सेस साराभाई' मला आवडली, ही कबुली देताना मी किंचित दबकते, कारण त्यातील सासूबाई सुनेला उठता बसता 'मिडल क्लास' म्हणून हिणवितात आणि मी स्वतः त्याच वर्गातली. परंतु नीट पाहिले तर प्रत्येक टोमण्यानंतर हसे होते ते टोमणा मारणारीचे. रत्ना पाठक शाह यांनी तो तोल अचूक सांभाळला. २००४ साली ती आली तेव्हा प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात फारशी चालली नाही. तिचे कौतुक झाले ते नंतर.

आता ज्या मालिकेविषयी मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे, ती म्हणजे १९९३ ची 'ज़बान संभाल के'. 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवरून ती बेतलेली होती. मूळ मालिकेत देशोदेशीचे लोक लंडनमध्ये इंग्रजी शिकावयास येतात. आपल्याकडे प्रांतोप्रांतीचे लोक हिंदी शिकावयास आले. शिक्षक पंकज कपूर. विजू खोटे मराठी विद्यार्थी, आणि वर्गाच्या वरिष्ठ बाई शुभा खोटे; म्हणजे प्रत्यक्षातले भाऊबहीण. टॉम ऑल्टरही त्या वर्गात होते. शाळेत दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे उच्चार सगळ्यांच्या तोंडी असत.

मी त्या मालिकेवर मनापासून हसले. तमिळ माणसाच्या हिंदीवर हसले, गुजराती माणसाच्या हिंदीवर हसले, विजू खोट्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीवर तर जरा अधिकच हसले. आणि मग मला पुण्याची माझी आत्या आठवली. लग्नाआधी मी तिच्याकडे महिनाभर राहिले होते. पहिल्याच दिवशी तिने हाक मारली तेव्हा मी स्वयंपाकघरातून उत्तर दिले, "आत्या, मी जेवून राहिले आहे." पानावर बसलेली सगळी मंडळी क्षणभर थांबली आणि हशा झाला. आपल्या इंदुरी मराठीत हा प्रयोग इतका स्वाभाविक की, मला हसण्याचे कारणच कळले नाही. महिनाभर मला दिवसातून चार वेळा विचारले जाई, "काय गं, काय करून राहिलीस?" त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. परंतु महिना संपेतो मी कमी बोलू लागले होते. मराठी शाळेत मराठीत पहिली येणारी मुलगी मराठी माणसांत गप्प बसू लागली.

मग 'ज़बान संभाल के' मला कशी चालली? याचा विचार मी तेव्हाही केला होता. त्या वर्गात सगळेच चुकतात, हे एक कारण. एकटा कोणी नाही. आणि शिक्षक वैतागतो, कपाळाला हात लावतो, पण कोणाचा वर्ग बंद होत नाही. पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा त्याच बाकांवर. पुण्याच्या पानावर चुकणारी मी एकटी होते. तथापि, हे उत्तर मला पूर्ण पटते असे मी म्हणणार नाही. त्या वर्गातील एखाद्या प्रांताच्या मुलाने ती मालिका कशी पाहिली असेल, हे मी त्याच्याजवळ बसून पाहिलेले नाही.

आता स्पर्धांकडे वळते.

१९९५ साली झी वाहिनीवर 'सा रे ग म' आले. सूत्रधार सोनू निगम. पुढे नावाला 'प' जोडला गेला. संगीतशिक्षिका म्हणून मी तो कार्यक्रम वही घेऊन पाहत असे. जाणकार परीक्षक बसत, गुण देत आणि सुराविषयी नेमके बोलत. हरणारा घरी जाई तो दोन गोष्टी शिकून. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली आणि आम्हा बाहेरच्या मराठी लोकांना घरबसल्या मराठी ऐकू येऊ लागली. याचे मोल महाराष्ट्रात राहणाऱ्यांना कळावयाचे नाही. त्यानंतर २००० साली, ३ जुलैला, 'कौन बनेगा करोडपती'. हा खेळ मला अद्याप आवडतो, कारण त्यात कोणत्या क्षणी थांबावे हे स्पर्धकाच्या हाती असते. 'मला ठाऊक नाही, मी येथेच थांबतो' असे म्हणून माणूस ताठ मानेने उठतो आणि टाळ्या घेतो. आमच्या शाळेत 'मला ठाऊक नाही' या उत्तराला आम्ही कधी टाळ्या दिल्याचे मला स्मरत नाही. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी त्या आसनावर बसून एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविण्याचे त्यांचे काम. त्या रात्री मी एकटी होते आणि एकटीच उभी राहून टाळ्या वाजविल्या. 'मास्टरशेफ इंडिया'च्या २०१० च्या पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया या लखनौच्या शिक्षिका होत्या, हेही सहकाऱ्यांच्या माहितीसाठी सांगते. शिक्षकी पेशातून बाहेर पडण्याचा हाही एक मार्ग आहे.

आणि २००८-०९ चे मराठी 'लिटिल चॅम्प्स'. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत, मुग्धा वैशंपायन. ही पाच नावे येथील चाळिशीपुढच्या कोणाही पालकाला विचारा, एका श्वासात सांगतील. कार्तिकी जिंकली, परंतु उरलेली चार मुले हरली असे आमच्या घरी कोणीच म्हणत नसे. बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, हीच पाच जणे त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या जागी बसली. समोरच्या लहानग्यांशी बोलताना त्यांचा आवाज किती जपून निघे, ते मी मुद्दाम ऐकले. त्या खुर्चीसमोर उभे राहणे काय असते, हे त्यांना ठाऊक होते. (त्यांपैकी प्रथमेश आणि मुग्धा यांचा पुढे विवाह झाला, तेव्हा आमच्या गल्लीत कोणाच्या तरी घरचे कार्य असावे तशी चर्चा झाली.)

आता या आवडींच्या मधोमध पडलेली एक नावड सांगावयाची आहे. २००४ च्या अखेरीस 'इंडियन आयडल' आले. पहिला विजेता अभिजीत सावंत, आपला मराठी मुलगा. मोबाइलवरून मते पाठविण्यात आमच्या शिक्षकांच्या खोलीनेही हातभार लावला होता. परंतु त्याबरोबर एक नवी गोष्ट आली, आणि ती पुढे अनेक वाहिन्यांवर पसरली. आरंभीच्या निवडफेरीत जे अगदीच बेसूर गातात, त्यांनाही दाखवावयाचे. नव्हे, त्यांनाच अधिक वेळ दाखवावयाचे. परीक्षकाने एखादे चुरचुरीत वाक्य टाकावयाचे आणि मागे गमतीदार वाद्य वाजवावयाचे. म्हणजे स्पर्धेच्या पोटात एक विनोदी मालिका, आणि तिच्यातल्या नटाला आपण नट आहोत हे ठाऊकच नाही. २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' आले. विदर्भातले सुनील पाल जिंकले, आपल्या मध्य प्रदेशातल्या सिवनीचे एहसान कुरेशी गाजले, कानपूरचे राजू श्रीवास्तव घरोघरी पोहोचले. पुढे मराठीत 'फू बाई फू' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली. तेथे हसे करून घ्यावयास माणूस तयारीने येतो; घाम गाळून, पाठांतर करून. समीर चौघुले किंवा विशाखा सुभेदार स्वतःला हास्यास्पद करतात तेव्हा दोरी त्यांच्या हाती असते. पुरुषाने लुगडे नेसले एवढ्या भांडवलावर हशा मागितला की मला कंटाळा येतो, पण तो माझ्या वयाचा दोष असेल.

निवडफेरीतल्या त्या बेसूर मुलांचे दृश्य लागले की मी उठून पाणी पिण्यास जाते. याचे कारण सौजन्य नव्हे. ते कारण या सभागृहात, याच व्यासपीठावर घडले आहे.

२००५ चे स्नेहसंमेलन. मुलांनी आग्रह धरला की, यंदाची आंतरवर्गीय गायनस्पर्धा 'टीव्हीसारखी' करावी. परीक्षकांनी कागदावर गुण न लिहिता तेथल्या तेथे जाहीर बोलावे. मला कल्पना आवडली. खरे सांगावयाचे तर ती खुर्ची मला आवडली. सातवीतला एक मुलगा भावगीत म्हणावयास उभा राहिला. आवाज गोड, पण ताल सुटत होता. तबला पुढे आणि हा मागे. गाणे संपले. ध्वनिक्षेपक माझ्या हाती होता, सभागृह भरलेले होते. मी म्हटले, "अरे, तबला राजवाड्याला पोहोचला, आणि तू अजून पलासियालाच बसची वाट पाहत उभा?"

इंदूरच्या माणसाला यात काय गंमत आहे ते सांगावे लागत नाही. सभागृह कोसळले. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. मुलगाही हसला. तो हसला हे मी पाहिले आणि माझे समाधान झाले. त्या दिवशी अनेकांनी मला सांगितले, "बाई, तुम्ही टीव्हीवर जायला पाहिजे." मी घरी जाऊन यजमानांनाही ते वाक्य ऐकविले.

तो मुलगा त्यानंतर संगीताच्या तासाला मागच्या बाकावर बसू लागला. प्रार्थनेत त्याचे ओठ हलत, एवढेच. मी त्याचा अर्थ 'आवाज फुटत असेल' असा लावला. सातवीची मुले, तसे होतेच. दहावी करून तो गेला आणि मी त्याला विसरले.

गेल्या हिवाळ्यात रात्री आम्ही सराफ्यात भुट्ट्याचा कीस खावयास गेलो होतो. गर्दीतून तिशीतला एक गृहस्थ पुढे आला, वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाई, ओळखलं का? मी पलासिया."

मला नाव आठवेना, पण तो शब्द लगेच आठवला. शाळेत त्याचे तेच नाव पडले होते. महाविद्यालयात सोबत गेलेल्या मित्रांनी ते तेथेही नेले. "अजून दोस्तांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर पलासिया नावानेच आहे, बाई," असे त्याने हसत सांगितले. तो किस्सा त्याने तेथेच, माझ्या यजमानांना, माझ्या आवाजाची नक्कल करून ऐकविला. उत्तम सांगतो. विरामाची जागा त्याला अचूक कळते. जो ताल त्याला त्या दिवशी गाण्यात सापडला नव्हता, तो किस्सा सांगताना पुरेपूर होता. मी विचारले, "गातोस का रे?" तो म्हणाला, "छे बाई. बायकोला तर वाटतं मला गाणं आवडतच नाही."

मी त्याची क्षमा मागितली. तो गोंधळून गेला. "अरे बाई, काय बोलून राहिल्या तुम्ही! तुमच्यामुळे तर मी फेमस झालो," असे म्हणून त्याने आम्हाला आग्रहाने गराडू खाऊ घातले आणि पैसे देऊ दिले नाहीत.

त्या रात्री घरी परतल्यावर मला चिमणराव आठवले. चिमणरावांनी स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगण्याचे स्वतः ठरविले होते. या मुलाला ते मी ठरवून दिले. त्याने ते इतके छान निभावले की, त्यात काही मोडले असेल अशी शंकाही कोणास येऊ नये. पुण्याच्या पानावरून उठलेली मुलगी २५ वर्षांनी ध्वनिक्षेपक हाती येताच नेमके तेच वाक्य बोलली होती, फक्त अधिक चांगल्या मराठीत.

आवडत्या कार्यक्रमांची यादी करताना माझ्या लक्षात आले ते हे. ज्या मालिका आणि ज्या स्पर्धा मला पुन्हा पुन्हा पाहाव्याशा वाटतात, त्यांत पडणाऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात परत यावयास जागा असते. मी हा निकष कधी जाणूनबुजून लावला नव्हता. सराफ्याच्या भेटीआधीपासून मी निवडफेरी सुरू झाली की पाणी पिण्यास उठतच होते. का, ते मला ठाऊक नव्हते.

आपला वेळ मी ठरल्यापेक्षा अधिक घेतला आहे. उद्या याच सभागृहात महोत्सवाची आंतरवर्गीय गायनस्पर्धा आहे आणि परीक्षणासाठी समितीने पुन्हा मलाच बोलाविले आहे. माझी एक अट त्यांनी मान्य केली, ती स्पर्धकांना येथूनच कळविते. व्यासपीठावरून कोणीही अभिप्राय देणार नाही. प्रत्येकाला बंद पाकिटात माझ्या हाताने लिहिलेला कागद मिळेल, आणि ज्याला काही विचारावयाचे असेल त्याच्यासाठी मी दुपारी संगीताच्या वर्गात पेटी घेऊन बसेन. तबलजी साडेआठला येणार आहेत. ज्यांचा ताल थोडा मागे राहतो, त्यांनी पावणेनऊपर्यंत त्यांच्याबरोबर एकदा म्हणून पाहावे. नऊला स्पर्धा सुरू होईल.